पाहुण्यांचे व्याख्यान की खुला डेटा? नाशिकच्या भौतिकशास्त्र विभागांसाठी एक तुलना

पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आपला विद्यार्थी मायकेलसन-मोर्ले प्रयोग, प्लांकचे सूत्र आणि श्रोडिंगरचे समीकरण शिकतो. म्हणजे ‘आधुनिक’ म्हणून त्याच्या हाती पडते ते बहुतांशी १९३० पूर्वीचे. आज चाललेले संशोधन त्याला दाखवायचे, तर नाशिकच्या महाविद्यालयापुढे व्यवहार्य मार्ग दोन आहेत: पुण्या-मुंबईच्या संशोधकांना व्याख्यानाला बोलावणे, किंवा खुला डेटा, म्हणजे संशोधन प्रकल्पांनी सर्वांसाठी मोकळ्या केलेल्या नोंदी, घेऊन विद्यार्थ्यांकडून छोटा प्रकल्प करून घेणे. उन्हाळी फेलोशिप उत्तमच, परंतु तिथे वर्गातल्या एखाददुसऱ्याचीच वर्णी लागते.

व्याख्यान सोपे पडते. पुण्याच्या आयुका किंवा मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतील संशोधक सकाळी निघून दुपारी बोलू शकतो, सभागृहात तिन्ही वर्षांचे विद्यार्थी बसू शकतात आणि वक्ता मराठीत बोलला तर एरवी गप्प राहणारी मुलेही शंका विचारतात. मात्र ऐकणाऱ्यासमोर येतो तो तयार निष्कर्ष. त्यामागची खटपट पडद्यावरच्या सुबक आलेखांत दिसत नाही.

ती दिसते डेटा हाताळताना. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो प्रकल्पाच्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन शोधक-यंत्रांनी टिपलेली गुरुत्वीय लहर (अवकाशालाच किंचित ताणणारी-आकसवणारी लाट) कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. बत्तीस सेकंदांच्या फाइलमध्ये सेकंदाला ४०९६ या दराने नोंदी असतात. त्यांचा आलेख काढला की प्रथम काहीच दिसत नाही, कारण कमी वारंवारितेच्या गोंगाटात संकेत पार बुडालेला असतो. साधारण ३५ ते ३५० हर्ट्झचा पट्टा ठेवून बाकीचे गाळले आणि उपकरणातूनच ठरावीक वारंवारितांना येणारा ठळक गोंगाट काढून टाकला, की सेकंदाच्या पाचव्या भागात चढत जाणारी लहर वर येते; हॅनफर्डचा आलेख उलटा करून सुमारे सात मिलिसेकंद सरकवला, की तो लिव्हिंग्स्टनच्या आलेखावर बसतो. यंत्राच्या चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका फरक मोजला गेला, हे विधान त्यानंतर निव्वळ पाठांतराचे राहत नाही.

खर्च पैशाचा फारसा नाही, कारण पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ब्राउझरमध्येच चालते आणि प्रत्येकाकडे लॅपटॉप असण्याची गरज नसते. खरा खर्च शिक्षकाच्या वेळेचा आहे: फूरिये रूपांतर (संकेतातल्या वारंवारिता वेगळ्या करण्याची गणिती रीत) समजावत, प्रोग्राममधल्या चुका शोधत, पाच-सहा आठवडे मुलांबरोबर बसणारा कोणीतरी विभागात हवा. तो नसेल तर प्रकल्प आयता कोड चालवून गुण मिळवण्यापुरता उरतो, आणि त्यापेक्षा व्याख्यान बरे. शिवाय दिंडोरी-निफाडहून येणारी मुले एसटीच्या वेळेला बांधलेली असतात, म्हणून हे काम प्रात्यक्षिकाच्या तासातच बसवावे लागते.

माझे मत असे की तिसऱ्या वर्षासाठी डेटा निवडावा आणि पहिल्या वर्षासाठी व्याख्यान. दोन्ही जमत असेल तर व्याख्यान प्रकल्पानंतर ठेवावे, कारण गोंगाट कसा गाळला हे विचारण्याइतकी तयारी तेव्हा झालेली असते. व्याख्यानाला वक्ता मिळत नसेल, तर नाशिक-पुणे मार्गावर नारायणगावजवळ खोडद आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना असलेल्या तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही, नॅनोहर्ट्झ (म्हणजे एका आंदोलनाला कित्येक वर्षे घेणाऱ्या) गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरातून २०२३ मध्ये मांडले गेले तेव्हा, त्या कामात वापरल्या गेल्या होत्या. पूर्वपरवानगी घेतली तर ही सहल एका दिवसात उरकते.