खुबे दुखणाऱ्या मोठ्या कुत्रीसाठी ट्रेलर : अर्ध्या वर्षाच्या वापरानंतर

आमची भुरी 13 वर्षांची, वजन 28 किलो. दोन्ही खुब्यांत संधिवात आहे. पुढचे पाय अजून भक्कम आहेत, पण थोडं चाललं की मागचा भाग लटपटायला लागतो आणि ती असेल तिथेच बसकण मारते. एवढं वजन रस्त्यातून उचलून आणणं एकट्या माणसाला झेपत नाही, आणि चुकीच्या पद्धतीने उचललं तर तिलाच दुखतं. म्हणून सायकलला जोडता येणारा आणि हँडल लावून ढकलताही येणारा ट्रेलर घेतला. अर्ध्या वर्षाहून जास्त काळ तो जवळपास रोज वापरतोय, ढकलण्यासाठी जास्त, सायकलमागे क्वचित.

गाडी निवडताना सगळ्यांची नजर आधी 'किती किलोपर्यंत' या आकड्यावर जाते. तो पाहायलाच हवा. पण पाय अधू असलेल्या कुत्र्यासाठी माझ्या मते दोनच गोष्टी निर्णायक आहेत: तळ जमिनीपासून किती उंच आहे आणि तो किती टणक आहे. बाकी सगळं नंतर जुळवून घेता येतं.

आधी उंची. नेहमीच्या स्ट्रोलरमध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या बाबागाडीत, बसायची जागा आपल्या मांडीच्या आसपास असते. पाच-सहा किलोच्या कुत्र्याला सहज उचलून ठेवता येतं, तिथे ती सोयीचीच. भुरीसारखीला मात्र रोज उचलावं लागलं असतं. ट्रेलरचा तळ दोन चाकांच्या मधे, खाली असतो. आमचा जमिनीपासून साधारण 20 सेंटिमीटरवर आहे. मागचं दार उघडलं की ती पुढचे पाय स्वतः आत टाकते, मी हार्नेसच्या (अंगाभोवती बांधायच्या पट्ट्यांच्या) मागच्या मुठीने कंबरेला आधार देतो, बस्स. उतारफळी लावायची म्हटली तरी हाच हिशोब लागू होतो. 20 सेंटिमीटरसाठी एक मीटरची फळी पुरते. तेवढाच सौम्य चढ ठेवून स्ट्रोलरसारखी 60 सेंटिमीटर उंची गाठायची तर फळी तीन मीटरची लागेल. ती बरोबर कोण नेणार?

मग तळ. बहुतेक गाड्यांमध्ये खाली नुसतं ताणलेलं कापड असतं. वजन पडलं की त्याची झोळी होते. निरोगी कुत्रं त्यात मजेत झोपेल, पण खुबे दुखणाऱ्या कुत्र्याला खोलगट जागेतून कूस बदलता येत नाही आणि उठताना मागचे पाय घसरतात. मी मापाने कापलेली प्लायवूडची फळी, तिच्यावर घट्ट फोम, पाणी न झिरपणारं कव्हर आणि सगळ्यात वर न घसरणारी मॅट असं केलंय. म्हाताऱ्या कुत्र्यांना कधीकधी लघवी आवरत नाही, त्यामुळे ते कव्हर रोजच्या गरजेचं आहे. फळीचं वजन मात्र गाडीच्या क्षमतेतून वजा करायला विसरू नका.

माप कुत्रं उभं असताना घेतलेलं पुरत नाही. ते कुशीवर, पाय पसरून झोपलेलं असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत आणि पाठीपासून पंजापर्यंत मोजावं. सांधे दुखणारी कुत्री मुटकुळं करून फारशी झोपत नाहीत.

चाकं हवेची घ्या. ओळखीच्यांकडून आणून पाहिलेल्या एका स्ट्रोलरची चाकं लहान आणि भरीव होती. खडीवर प्रत्येक दणका थेट आत जात होता आणि भुरी कान मागे घेऊन ताठ बसून राहायची. आमच्या 20 इंची टायरवर ती चक्क झोपते. टायरवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. मी खालच्या टोकाशी ठेवतो. पंक्चर होतं, त्यामुळे पंप आणि ठिगळं सोबत असतात. पुढचं फिरतं चाक खडबडीत जागी लॉक करता आलं पाहिजे, नाहीतर ते थरथरतं. पार्किंग ब्रेक कुत्रं चढण्याआधी लावायचा. चढताना गाडी सरकली तर त्याचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो. उतारावर कुत्रं आणि गाडी मिळून चाळीसेक किलो पुढे ओढतात, म्हणून मनगटात अडकवायचा पट्टा आणि जमल्यास हातब्रेकही हवा. आतला छोटा पट्टा हार्नेसलाच अडकवायचा, गळपट्ट्याला कधीच नाही.

सायकलमागे नेताना वेग चालण्यापेक्षा थोडाच जास्त ठेवतो आणि वळणं मोठी घेतो, कारण आतलं चाक दगडावर चढलं तर ट्रेलर कलंडतो. जोडणीशिवाय वेगळा सुरक्षा-पट्टा असतो, तो दर वेळी तपासतो. मणक्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला सायकलमागे नेण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

उन्हाचं वेगळं सांगतो. कुत्री मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतात. बंद जागेत तीच दमट हवा फिरत राहिली तर धापा टाकून उपयोग होत नाही. पावसाचं कव्हर लावलं तरी मी एक बाजू उघडी ठेवतो आणि मधूनमधून आत हात घालून पाहतो.

आता वापर कसा करतो ते. ट्रेलर म्हणजे चालणं बंद, असं अजिबात करू नका. संधिवातात थोडं थोडं, पण रोजचं चालणं स्नायू टिकवतं. स्नायू गेले की सांध्यांवरचा भार वाढतो. आम्ही दूरच्या सपाट गवताळ मैदानापर्यंत तिला ढकलत नेतो, तिथे ती हुंगत फिरते आणि लंगडायला लागण्याआधीच पुन्हा आत. दमल्यावर बसवायचं नाही, दमण्याआधी बसवायचं. आता ती पूर्वीपेक्षा जास्त चालते. तिला पुन्हा नव्या वासांमागे जाताना पाहून मला मनापासून आनंद होतो.

मागचे पाय पूर्ण गेले असतील आणि पुढचे मजबूत असतील, तर कुत्र्यांच्या व्हीलचेअरचाही विचार करावा. तिच्यात कुत्रं स्वतः चालतं, पण विश्रांती घेता येत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

तक्रारी आहेत. गाडी रुंद असल्याने अरुंद दारातून जात नाही. घरातलं दार आणि लिफ्ट आधी मोजा. घडी घालायला चाकं काढावी लागतात. मागच्या झिपमध्ये केस अडकून ती जाम होते, आणि जाळीचा एक कोपरा नखांनी फाटला आहे. कंपनीकडे जाळी सुटी मिळत नाही, पूर्ण कापडी भाग घ्यावा लागतो. खरेदीआधी जाळी, झिप आणि टायर-ट्यूब वेगळे मिळतात का, हे विचारून घ्या.