नॅस बदलून सात महिने झाले, ऑफिस बंद राहिलं फक्त ४० मिनिटं

नागपूरला धरमपेठेत आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, १४ जण, सगळी ड्रॉइंग एकाच नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, सगळ्यांना फाइली पुरवणाऱ्या डिस्कच्या बॉक्सवर. जुन्यात जागा संपत आली म्हणून जानेवारीत नवीन घेतला, ८ टीबीच्या चार डिस्क, रेड ६ (डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून दोन डिस्कइतकी जागा राखून ठेवायची पद्धत), म्हणजे वापरायला १६ टीबी, आणि दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा राहतो. बॉक्सबद्दल शेवटी लिहितो, आधी ६ टीबी डेटा हलवला ते सांगतो कारण खरी भीती त्याचीच होती.

गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला ११० एमबी धरलं तर ६ टीबीला १५ तास. पण ते मोठ्या फाइलींचं गणित, आमच्याकडे लाखो छोट्या फाइली, पहिल्या कॉपीलाच तीन रात्री लागल्या. तेवढा वेळ काम थांबवता येत नाही, म्हणून आरसिंक (फोल्डर कॉपी करून जुळते ठेवणारा प्रोग्राम) लावलं, लोकं काम करत असतानाच पहिली कॉपी, मग रोज रात्री तोच कमांड परत, तो फक्त बदललेलं उचलतो. मध्ये कोणीतरी एका जुन्या साइटच्या फोल्डरचं नाव बदललं, आरसिंकला तो नवाच वाटला अन् ३०० जीबी परत कॉपी होऊन राहिली, तेव्हा सगळ्यांना सांगितलं की रविवारपर्यंत नावं बदलू नका बाप्पा.

रविवारी सकाळी जुन्या नॅसवरचं शेअर (सगळ्यांचं सामाईक फोल्डर) रीड ओन्ली केलं, म्हणजे फाइली उघडता येतील पण सेव्ह नाही, आणि शेवटचा फेरा डिलीट ऑप्शन लावून मारला, नाहीतर मधल्या दिवसांत उडवलेल्या फाइली नव्यावर तशाच राहतात. त्याआधी ड्राय रन कराच, म्हणजे काहीही कॉपी न करता काय काय होईल त्याची नुसती यादी. कमांडमध्ये ज्या फोल्डरमधून कॉपी करायचं त्याच्या नावाच्या शेवटचा स्लॅश माझा राहिला होता, प्रोजेक्ट्सच्या आत परत प्रोजेक्ट्स बनवून सगळे ६ टीबी नव्याने ओतले असते, ड्राय रनमध्ये यादी संपेचना म्हणून लक्षात आलं. मग नव्या बॉक्सला जुन्याचंच नाव दिलं, पी ड्राइव्ह तोच राहिला, ड्रॉइंगमधला एकही एक्सरेफ (एका ड्रॉइंगमध्ये जोडलेली दुसरी ड्रॉइंग फाइल) तुटला नाही.

सोमवारी साइटवरून फोन, "भाऊ, सेव्ह होऊन नाही राहिलं." त्याच्या लॅपटॉपवर नॅसच्या नावाऐवजी जुन्या बॉक्सचा आयपी (नेटवर्कवरचा नंबराचा पत्ता) टाकलेला होता. जुनं शेअर रीड ओन्ली नसतं तर तो आठवडाभर जुन्यावरच काम करत बसला असता आणि कोणाला पत्ता लागला नसता. दुसरं, दोन जणांचे यूजर नव्या बॉक्सवर बनवायचे राहिले होते, त्यांच्या फाइलींवर मालकाच्या जागी नुसता नंबर दिसत होता, उघडायच्या पण सेव्ह नाही. यूजर बनवून मालकी बदलली, झालं. अशा वेळी घाईत आरसिंक परत चालवू नका, लोकांनी सकाळपासून केलेल्या कामावर जुन्या फाइली बसतील.

आता बॉक्स. सात महिन्यांत एकदाही अडला नाही. मे मध्ये एसी बंद असलेल्या रविवारी डिस्क ४९ डिग्रीवर गेल्या होत्या, कपाटाचं दार काढून टाकलं तर ४३ वर आल्या. यूपीएसला यूएसबीने जोडलाय, जूनच्या वादळात दोन तास लाइन गेली तेव्हा स्वतःच नीट बंद झाला. मार्चमध्ये ऑफिसमधल्या एका ताईंनी चुकून एक पूर्ण लेआउट ओव्हरराइट केला होता, दुपारच्या १ च्या स्नॅपशॉटमधून (बॉक्सने त्या वेळची जपून ठेवलेली फाइलींची स्थिती) पाच मिनिटांत परत मिळाला, मला तर एवढ्यावरच पैसे वसूल वाटले. पंख्याचा आवाज मात्र जास्त आहे, टेबलाजवळ ठेवायची वस्तू नाही.

जुना बॉक्स दोन महिने तसाच रीड ओन्ली ठेवला, मग पुसून मनीषनगरला घरी नेला. रोज रात्री २ ला चालू प्रोजेक्ट्सचा बॅकअप तिथे जातो, तोही आरसिंकनेच.