खाऱ्या पाण्याचा टँक: नऊ महिने, नऊ मासे, उरले तीन

गेल्या दसऱ्याला आमच्याकडे सोन्याऐवजी तीन फुटी टँक आला. आता आषाढ लागलाय. एवढ्या काळात नऊ मासे आणले, त्यातले सहा गेले. वर चार गोगलगायी आणि एक कोळंबी, खायची नव्हे, पाळायची. त्याआधी सहा वर्षं मी गोड्या पाण्यात गप्पी आणि गोल्डफिश सांभाळलेत, त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माझा पक्का समज होता. तो चौदा दिवसांत उतरला.

आधी वस्तूबद्दल. काच, मागच्या कप्प्यातला फिल्टर, स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातला मळ वर काढतो तो), वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), लाइट आणि स्टँड असा सगळा सेट अडतीस हजारांना पडला. आत निव्वळ दीडशे लिटर पाणी मावतं. काचेला, सिलिकॉनला नाव ठेवायला जागा नाही. लाइटच्या पंख्याची घरघर रात्री ऐकू येते. स्किमर पहिले तीन आठवडे पाण्यात नुसते बुडबुडे सोडत होता, मग आपोआप ताळ्यावर आला. सोबत हीटर दिलाय, तो ठाण्यात माळ्यावर टाकायच्या लायकीचा. पाणी थंड ठेवायचा पंखा मात्र दिलेला नाही, आणि लागतो तो पंखाच.

मासे मेले ते यातलं काही बिघडलं म्हणून नाही.

दुकानदाराने सेटबरोबर बॅक्टेरियाची एक बाटली दिली आणि म्हणाला, "ताई, ही ओता, चौथ्या दिवशी मासे सोडा." मीठ कालवलं (दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या आसपास लागतं), बाटली ओतली आणि चौथ्या दिवशी दोन क्लाउनफिश व तीन निळे डॅमसेल घेऊन आले. डॅमसेल म्हणजे काटक मासा, मरत नाही, असं त्यानेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक डॅमसेल वेव्हमेकरच्या पाठीमागे कोपऱ्यात, पाण्याच्या अगदी वरच्या थरात उभा होता. गिल्स (कल्ले) इतक्या भराभर हलत होत्या की मोजता येईनात. दुपारी गेला. दहा दिवसांत तिन्ही डॅमसेल आणि एक क्लाउन संपले. फोन केला की दुकानदार म्हणायचा, "पाणी बदला", पुढच्या वेळी "निळं औषध घाला". पाणी तपासलंत का, हे त्याने एकदाही विचारलं नाही. माझ्याकडे तपासायला काही नव्हतंच, हेही खरं.

टेस्ट किट मागवलं. नळीत पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब मोजून टाकायचे आणि पाच मिनिटं थांबायचं. रंग पिवळा राहिला तर अमोनिया शून्य. माझी नळी पोपटी झाली, मग गडद हिरवी. कार्डावर तो रंग दोन पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) चौकटीशी जुळत होता.

इथे गोड्या पाण्याचा अनुभवच आडवा येतो. मासा गिल्समधून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी तयार होतो. पाण्याचा पीएच सातच्या आसपास असेल तर त्यातला जवळजवळ सगळा अमोनियम या कमी घातक रूपात राहतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच असतो ८.१ ते ८.४. तिथे तेवढ्याच अमोनियात विषारी वाट्याचं प्रमाण दहापटीहून जास्त होतं, आणि पाणी गरम असेल तर अजून वाढतं. म्हणजे ज्या आकड्यावर माझे गप्पी सुस्तावले असते, त्यावर डॅमसेल मरतात. हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचा नायट्रेट. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदाराने मला चार दिवस दिले होते.

उरलेला एक क्लाउन मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे पाठवला. त्यांचा टँक तीन वर्षांपासून चालू आहे. "बाळंतपणाला माहेरी पाठवल्यासारखा पाठवलास," असं नवरा म्हणाला.

मग दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या दिवशी, घरात उटण्याचा वास सुटलेला असताना, मी बाजारातून आणलेली एक कच्ची कोळंबी पायमोज्याच्या जाळीत बांधून रिकाम्या टँकमध्ये सोडली. ती कुजते, तिच्यातून अमोनिया सुटतो आणि त्यावर जिवाणू पोसले जातात. मासा न मारता टँक बसवायची ही जुनी पद्धत. काही जण अमोनियम क्लोराइड घालतात, म्हणजे कल्हईवाल्याकडचा नवसागर. पण किराणा दुकानातला भुकटीचा नवसागर किती शुद्ध ते सांगता येत नाही, तो घालू नका. सासूबाईंनी जाळीकडे बघून फक्त एवढंच विचारलं, "हिचं कालवण का नाही केलंस?" चौथ्या दिवशी वासाने त्यांचा प्रश्न रास्त वाटायला लागला.

अमोनिया चढला, मग नायट्राइट चढला, अमोनिया उतरला, दगडावर तपकिरी शेवाळाची साय धरली. अडतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस. नायट्राइटची धास्ती गोड्या पाण्यात जास्त असते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्याने नायट्राइटला गिल्समधून आत शिरणं कठीण जातं. खाऱ्या टँकमध्ये नवे मासे मारणारा मुख्य आरोपी अमोनियाच.

पण एकटा तोच नाही. सहकारी डिसेंबरमध्ये माझा क्लाउन परत द्यायला आले, सोबत स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं भिंग) घेऊन. माझ्याकडचा प्लास्टिकचा काटावाला हायड्रोमीटर १.०२४ दाखवत होता, म्हणजे गोड्या पाण्याच्या १.०२४ पट जड; आकडा जितका मोठा तितकं पाणी खारट. त्यांच्या काचेवर आपल्या टँकचा एक थेंब ठेवला, भिंगातून पाहिलं तर निळी रेष १.०३० वर. काट्यावर क्षारांची पुटं चढली की तो जड होऊन कमी आकडा दाखवतो, हे मला माहीत नव्हतं. त्यात भर माझ्या हुशारीची: रोज दीड-दोन लिटर पाणी उडून जायचं आणि मी ते मिठाच्या पाण्याने भरत होते. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडतं. भरायचं ते साधं, गोडं, शुद्ध पाणी. हे चौथीतल्या मुलाने मिठागराचा धडा वाचताना मला समजावलं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता हेही लक्षात घ्या की बरेच दुकानदार आपल्या टाक्यांत क्षारता मुद्दाम कमी ठेवतात, १.०२० च्या आत. परजीवी दबतात, मीठही वाचतं. समुद्री मासा सतत पाणी पितो आणि मीठ बाहेर टाकतो, नाहीतर खारं पाणी त्याला आतून सुकवतं. पातळ पाण्यातून दाट पाण्यात एकदम गेला की शरीराला ते झेपत नाही. माझे पहिले पाच मासे त्या पाण्यातून थेट दाट पाण्यात आले, आणि वर तिथे अमोनिया साठत गेला. चार गेले यात नवल नाही, एक राहिला याचं आहे. आता दुकानात मी माशाआधी पाण्याचा आकडा विचारते आणि एका टबात तेवढंच पाणी करून ठेवते. लांबून, विमानाने आलेल्या पिशवीत थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो. पिशवी उघडली की तो चढायला लागतो आणि आतला साठलेला अमोनिया विषारी होतो.

गोगलगायींचं प्रकरण वेगळंच. डिसेंबरअखेर तो आणि त्याच्या जोडीला आणलेला दुसरा, असे दोन क्लाउन मजेत होते, म्हणून चार टर्बो गोगलगायी आणि एक क्लीनर कोळंबी आणली. सकाळी चारही गोगलगायी वाळूत उताण्या, कोळंबी आडवी. मासे मात्र ठणठणीत. अमोनिया शून्य. दोन दिवस डोकं खाजवल्यावर स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरवरचं स्टिकर दिसलं: कॉपर. आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडणारं कार्ट्रिज, आणि टँकमध्ये मी हेच पाणी घालत होते! माणसाला चालतं, मासाही थोडंफार सोसतो, पण गोगलगाय-कोळंबीसारख्या जिवांना तांबं अगदी किंचितही चालत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर पासष्ट, म्हणजे पाणी शुद्धही नव्हतं. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणीही मिसळलं जातं. पाण्याची सोय बदलली, कार्बन लावून तांबं ओढून घेतलं, आणि फेब्रुवारीत आणलेल्या गोगलगायी आजही काच चाटत फिरतायत.

संक्रांतीच्या आठवड्यात मला पावडर ब्लू टँग दिसला आणि माझी अक्कल चरायला गेली. दीडशे लिटर त्याला मुळात अपुरे, आणि आणला तो थेट टँकमध्ये. चौथ्या दिवशी पंखांवर बारीक रव्यासारखे पांढरे ठिपके. क्रिप्टोकॅरियॉन, माशाच्या अंगात शिरणारा परजीवी. दोन दिवसांनी ठिपके गायब झाले, आम्ही खूश. तो परजीवी बरा होऊन गेलेला नसतो, माशावरून उतरून वाळूत पिल्लं घालायला बसलेला असतो. पुढच्या फेरीत दहापट ठिपके आले आणि नवव्या दिवशी टँग गेला. दोन्ही क्लाउन प्लास्टिकच्या टबात हलवून तांब्याच्या औषधावर ठेवले. होय, तेच तांबं, पण मोजून आणि टँकच्या बाहेर. मोठा टँक शहात्तर दिवस माशाविना चालवला, म्हणजे परजीवीला यजमान मिळणार नाही. शहात्तर दिवस दगड बघत बसायचं. पाहुणे विचारायचे, "मासे लपलेत का?"

एप्रिलमध्ये आणलेला फायरफिश सगळ्या आकड्यांत पास झाला आणि तिसऱ्या रात्री उडी मारून स्टँडच्या मागे सुकला. वरती जाळी हवी होती, शंभर-दीडशे रुपयांची. मेमध्ये पाणी एकतीस अंशांवर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे पृष्ठभागावर एक छोटा पंखा रोखून ठेवला. पाणी अठ्ठावीसवर आलं, पण रोजचं बाष्पीभवन तीन लिटरवर गेलं. जूनमधल्या पहिल्या पावसात चार तास वीज नव्हती. बॅटरीवरच्या एअर पंपाने वेळ मारून नेली.

"समुद्राचं पाणी फुकट असताना पैसे का घालवतेस?" हा प्रश्न प्रत्येक नातेवाइकाने विचारलाय. आमच्या इमारतीतले, समुद्रकाठच्या उत्तनचे एक काका यावर म्हणाले, "पावसात आणशील तर अर्धं गोडं, उन्हात आणशील तर अर्धं गटार." आणखी एक: कुणी प्रवाळ किंवा समुद्रातून उचललेला जिवंत (म्हणजे जीव वसलेला) दगड देऊ केला तर घेऊ नका. आपल्याकडचे प्रवाळ आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. क्लाउनफिशची पैदास तर आपल्याकडे बंदिस्त पाण्यात होते, कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय. पैदाशीतलाच मासा मागा. तो टाकीतलं खाणं पहिल्या दिवशीच खातो, आणि जाळ्याने किंवा सायनाइडने पकडल्याचं दुखणं घेऊन येत नाही.

सेटला मी चार तारे देईन. एक कापला तो त्या बाटलीवरच्या "लगेच मासे सोडा"साठी. पाच द्यायचे तर खोक्यात हीटर काढून रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट ठेवा.

सध्या दोन क्लाउन आणि मेअखेर आलेला एक पिवळा गोबी आहे. गोबी महिनाभर टबात राहून, तपासून मगच आत गेला. सकाळचं रीडिंग १.०२५, अमोनिया पिवळाधमक. टँकसाठी वीस लिटरचे वेगळे कॅन भरून गॅलरीत ठेवते. स्वयंपाकघरातलं कॉपर कार्ट्रिज मात्र अजून जागच्या जागी आहे, सासूबाईंना त्या पाण्याची चव आवडते.