संथ झालेला घरचा संगणक: रिसेट करावा, क्लीन इन्स्टॉल करावे की आधी एसएसडी बसवावी?

घरातला पाच-सहा वर्षे वापरलेला विंडोज संगणक रेंगाळू लागला की ‘फॉरमॅट मारून घ्या’, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने घाला, हा सल्ला हमखास मिळतो. मात्र तो अमलात आणण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत: रिसेट म्हणजे विंडोजने स्वतःलाच नव्याने घालणे, तर क्लीन इन्स्टॉल म्हणजे डिस्क पुसून पेनड्राइव्हवरून कोरे विंडोज घालणे. प्रत्येकात गमावण्याच्या व कमावण्याच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मार्ग ठरवण्यापूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क) लिहिले आहे की एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क), ते पाहावे. माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो.

एचडीडी असेल आणि काहीही विशेष काम चालू नसताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर चिकटून राहत असेल, तर दोष विंडोजमध्ये साचलेल्या कचऱ्याचा कमी आणि त्या फिरत्या तबकडीचा जास्त असतो. लॅपटॉपमधली नेहमीची तबकडी मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली (हेडखाली) येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, शिवाय सुई जागेवर नेण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या लहान फाइली वाचायच्या असल्या की असा ड्राइव्ह सेकंदाला शंभरच्या आसपासच वाचू शकतो, तर साटा जोडणीची साधी एसएसडीही तेवढ्याच वेळात हजारोंनी वाचते. अपडेट, व्हायरस तपासणी आणि सर्चची सूची तयार करणे ही विंडोजची मागची कामे नेमकी अशाच लहान फाइलींवर चालतात. म्हणून एचडीडीवर कितीही नव्याने विंडोज घातले तरी सुरुवातीचे काही आठवडे बरे वाटते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. अशा संगणकात एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज घालणे हाच खरा उपाय आहे आणि रिसेटवर वेळ घालवू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. जुनी तबकडी फोटो आणि कागदपत्रे ठेवण्यासाठी यूएसबीने जोडायच्या वेगळ्या डबीत घालून वापरता येते.

डिस्क आधीपासूनच एसएसडी असेल, तर रिसेट आणि क्लीन इन्स्टॉल यांची तुलना करण्यात अर्थ आहे. तीही करण्यापूर्वी एक साधी शक्यता तपासावी: संगणक अलीकडेच एखादा ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा इतर प्रोग्रॅम घातल्यानंतर बिघडला असेल, तर विंडोजच्या सिस्टिम रिस्टोअर या सोयीने त्यापूर्वीच्या स्थितीत जाता येते आणि वैयक्तिक फाइलींना धक्का लागत नाही.

रिसेटची सोय सेटिंग्जमधल्या रिकव्हरीच्या पानावर असते आणि त्यासाठी पेनड्राइव्ह लागत नाही. तिथे ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय सर्वांत सुरक्षित भासतो, आणि नेमक्या याच पर्यायात लोक अधिक फसतात. त्यात डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा फोल्डरांमधल्या फाइली राहतात, परंतु नंतर घातलेले प्रोग्रॅम जातात आणि त्यांच्यासोबत प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅम डेटा व वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा या फोल्डरांतला मजकूरही जातो. क्रोमचे बुकमार्क आणि जपून ठेवलेले पासवर्ड अ‍ॅपडेटामध्येच असतात, त्यामुळे गूगल खात्याशी सिंक (आपोआप जपणूक) नसेल तर ते परत मिळत नाहीत. मराठी टंकलेखन करणाऱ्यांनी फॉन्टची विशेष काळजी घ्यावी. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका, अहवाल किंवा हस्तलिखिते फाइल म्हणून शाबूत राहतात, मात्र विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट पुसला गेल्यावर त्याच फाइलीत निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागतात. फॉन्टच्या फाइली बाहेर काढून ठेवाव्यात. हिशोबाचा टॅली हा प्रोग्रॅम वापरात असेल तर कंपनीच्या डेटाचा बॅकअप घ्यावा आणि लायसन्स सरेंडर करूनच पुढे जावे.

पुढे ‘लोकल रीइन्स्टॉल’ (संगणकातल्याच फाइलींवरून) की ‘क्लाउड डाउनलोड’ (इंटरनेटवरून उतरवून) असे विचारले जाते. क्लाउडसाठी चार जीबीहून अधिक डेटा खर्च होऊ शकतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवणाऱ्यांनी आधी लोकल निवडावे. विंडोजच्या मूळ फाइलीच बिघडल्याची शंका असेल तरच क्लाउडची वाट धरावी.

क्लीन इन्स्टॉलसाठी किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल लागते. मेहनत थोडी अधिक आहे, पण निकाल अधिक स्वच्छ मिळतो. रिसेटनंतर उत्पादक कंपनीने कारखान्यातच भरलेले ठरावीक मुदतीचे चाचणी अँटीव्हायरस आणि इतर प्रोग्रॅम परत येऊ शकतात. मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्हवरून घातलेल्या विंडोजमध्ये ते नसतात. विंडोजचे डिजिटल लायसन्स त्या मदरबोर्डशी (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डशी) जोडलेले असल्याने, तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडली तर अ‍ॅक्टिव्हेशन इंटरनेट जोडताच आपोआप होते. अडचण येते ती ड्रायव्हरची. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर इंटरनेटही नसते, म्हणून तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. तिथे इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. एसएसडी बिघडली असा निष्कर्ष काढून नवी विकत घेण्याची घाई करू नये.

दोन्ही मार्गांत बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून पाहून कागदावर उतरवावी, कारण अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. चार्जर लावलेला असावा. डेस्कटॉपला इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा आधार असल्याशिवाय, आणि विशेषतः जिथे वीज सारखी जाते तिथे, काम सुरू करू नये.

माझी निवड अशी राहील: एसएसडी आहे, फाइलींचा बॅकअप झाला आहे आणि पेनड्राइव्हचा सराव नाही, तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. सराव असेल किंवा मदतीला कोणी जाणकार असेल, तर क्लीन इन्स्टॉल. ‘कीप माय फाइल्स’ हा बॅकअपचा पर्याय समजू नये. संगणक विकायचा असल्यास रिमूव्ह एव्हरीथिंगमधला ‘क्लीन डेटा’ निवडावा, म्हणजे पुसलेल्या फाइली परत काढणे अवघड होते. त्याला काही तास लागले तरी हरकत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटीत न बसणाऱ्या संगणकावर पुन्हा विंडोज १० घालत बसण्यापेक्षा लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा विचार करावा. ते पेनड्राइव्हवरून आधी नुसते चालवून वायफाय, प्रिंटर आणि आवाज तपासता येतो, शिवाय मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट हा कळफलकही त्यात मिळतो. मात्र टॅली किंवा एमएस ऑफिस लिनक्ससाठी निघत नाही, तेव्हा त्यांवर रोजचे काम अवलंबून असेल तर मिंट घालू नये, दुसऱ्या संगणकाची तजवीज करावी.