लीकच्या कोवळ्या रोपांसाठी कोंबडखताच्या गोळ्या : एका हंगामाचे परीक्षण

इंग्लंडमध्ये भाजीपाल्याची बाग नव्याने सुरू करणाऱ्याला शेजारचे अनुभवी लोक जी पिके सुचवतात, त्यांत लीक हमखास असते. कांद्याच्याच कुळातली ही भाजी आहे. मात्र ती गड्डा धरत नाही, तिचा पांढरा जाड दांडा खायचा असतो आणि हिवाळाभर ती जमिनीतच उभी राहते, त्यामुळे लागेल तेव्हा एकेक उपटून आणता येते. बर्मिंगहॅमजवळ अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या सामाईक जमिनीचा, पाव तुकडा मला गेल्या वर्षी मिळाला, तेव्हा मीही लीकपासूनच सुरुवात केली. (पूर्ण तुकडा परंपरेने 10 रॉडचा, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटरचा असतो, नवख्या माणसाला पाव तुकडाही पुरून उरतो.) त्या हंगामात मी वापरलेल्या एका खताचे, म्हणजे बागकामाच्या दुकानात बादलीत मिळणाऱ्या कोंबडखताच्या गोळ्यांचे, हे परीक्षण आहे. अशा गोळ्या अनेक कंपन्या विकतात आणि त्यांत फारसा फरक नसतो, म्हणून माझ्या बादलीवरचे नाव येथे देत नाही.

बादली 8 किलोची होती आणि मला 12 पौंडांना पडली. आत बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी, कोरड्या कांड्या होत्या. वेष्टणावर नत्र (नायट्रोजन) 4 टक्के, स्फुरद (फॉस्फरस) 2 टक्के आणि पालाश (पोटॅश) 1 टक्का असे प्रमाण छापले होते. माल उष्णतेची प्रक्रिया करून निर्जंतुक केल्याचे म्हटले होते. आणि मात्रा दर चौरस मीटरला 100 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन लहान मुठी, अशी दिली होती. त्याखाली ठळक अक्षरांत ‘सर्व भाज्यांसाठी, संपूर्ण हंगामभर’ असे आश्वासन होते. माझी पहिली चूक या वाक्यावर विसंबून झाली.

लीकचे बी मी मार्चच्या अखेरीस घरात, खिडकीजवळ, कप्प्यांच्या ट्रेमध्ये पेरले होते. वाण ‘मसलबरा’ हा जुना स्कॉटिश, थंडीला दाद न देणारा. बी-पेरणीच्या तयार मातीत मुळातच अन्न बेताचे असते आणि ते पाच-सहा आठवड्यांत संपते. मेच्या पहिल्या आठवड्यात रोपे सुईच्या दोऱ्याहून थोडी जाड झाली आणि तिथेच थांबली. पातीची टोके पिवळी पडू लागली. त्यांना भूक लागली आहे एवढे मला कळले, आणि ‘सर्व भाज्यांसाठी’ या शब्दांच्या भरवशावर मी प्रत्येक कप्प्यात अर्धी-अर्धी गोळी चुरून टाकली व पाणी दिले. आठवडाभरात ट्रेमधली तिसरा हिस्सा रोपे जमिनीशी करपून आडवी झाली.

कारण नंतर उमगले, आणि ते नवख्या माणसाने आधीच समजून घ्यावे असे आहे. कोंबडीच्या विष्ठेतील बरेचसे नत्र युरिक आम्लाच्या रूपात असते. ओल मिळताच मातीतील जिवाणू त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि पुढे त्याचे नायट्रेट होते, जे मुळे सहज शोषतात. मोकळ्या वाफ्यात हे काम भरपूर मातीत पसरून होते, त्यामुळे अमोनिया कुठे साचत नाही. चमचाभर मातीच्या कप्प्यात मात्र तो आणि खतातले क्षार थेट कोवळ्या मुळांना भिडतात. गोळी कितीही लहान केली तरी कप्प्याच्या मानाने ती जास्तच ठरते. हा दोष खताचा नव्हे, परंतु वेष्टणावर ‘रोपांच्या ट्रेमध्ये वापरू नये’ ही एक ओळ छापायला कितीशी शाई लागली असती?

उरलेल्या रोपांना मी सर्वसाधारण द्रवखत, सांगितलेल्या मात्रेच्या निम्म्याने पातळ करून, आठवड्यातून एकदा दिले आणि दोन आठवड्यांत ती सावरली. येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. टोमॅटोसाठी म्हणून विकले जाणारे द्रवखत या वयात उपयोगाचे नाही, कारण त्यात फुलाफळांसाठी लागणारे पालाश जास्त आणि पातीसाठी लागणारे नत्र कमी असते. समुद्री शेवाळाचा अर्क अनेकजण मोठ्या श्रद्धेने देतात. पण त्यात नत्र जवळजवळ नसतेच, त्यामुळे भुकेल्या रोपाचे त्यावर भागत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रोपे पेन्सिलीएवढी जाड झाल्यावर ती वाफ्यात हलवली, आणि गोळ्यांची खरी परीक्षा तेथून सुरू झाली. माझी माती जड आणि चिकण आहे. चार चौरस मीटरच्या वाफ्यात लागवडीच्या दोन आठवडे आधी मी 400 ग्रॅम गोळ्या विस्कटून दाताळ्याने वरच्या थरात मिसळल्या होत्या. लीक लावण्याची येथील रीत आपल्या कांद्याच्या पुनर्लागवडीहून वेगळी आहे : जाड लाकडी खुंटीने 15 सेंटिमीटर खोल भोक पाडायचे, त्यात रोप सोडायचे, भोक मातीने न बुजवता पाण्याने भरायचे आणि पुढचे काम पावसावर व खुरपणीवर सोपवायचे. दांडा अंधारात राहिल्याने पांढरा व कोवळा होतो. या रीतीमुळे वरच्या थरातले खत आणि तळाशी असलेली मुळे यांच्यात सुरुवातीला अंतर पडते. नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते खरे, पण त्याला पाऊस किंवा झारी लागते; कोरड्या जूनमध्ये गोळ्या वरच्या मातीत तशाच कडक पडून राहिल्या होत्या. त्यामुळे गोळ्या निदान एक वीत खोलवर मिसळाव्यात आणि वाफा आधीच भिजवून घ्यावा. भोकात मात्र एकही गोळी पडू देऊ नये, कारण ती पाण्यात फुगून नेमकी रोपाच्या पोग्यावर, म्हणजे मधल्या कोवळ्या कोंबावर, बसते.

नाशिक जिल्ह्यात कांदा पिकवणाऱ्या माझ्या काकांना मी फोनवर हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न खताच्या नावाचा नव्हताच. “वरखत कधी देणार आहेस ते सांग,” असे त्यांनी विचारले. वरखत म्हणजे लागवडीनंतर उभ्या पिकाला दिलेला खताचा हप्ता. महाराष्ट्रात कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी शिफारस सर्वपरिचित आहे. त्यातले निम्मे नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले 30 व 45 दिवसांनी दोन हप्त्यांत दिले जाते. हा हिशेब मी माझ्या बादलीला लावून पाहिला. हेक्टरी 100 किलो म्हणजे चौरस मीटरला 10 ग्रॅम नत्र. 4 टक्के नत्राच्या 100 ग्रॅम गोळ्यांतून मिळते 4 ग्रॅम, आणि तेही सगळे एकाच हंगामात सुटत नाही. पुढे अर्ध्या मात्रेचे एक वरखत दिले तरी बेरीज 6 ग्रॅमच्या पुढे जात नाही. लीक तर कांद्याप्रमाणे गड्ड्यात शिरून थांबणारे पीक नाही. ते पात व दांडा यांवरच वाढते आणि नत्राला हावरट असते. म्हणजे वेष्टणावरची मात्रा आधीच सकस असलेल्या जमिनीसाठी आहे, हे बादली सांगत नाही. ते गणित आपल्यालाच करावे लागते.

तुलनेसाठी वाफ्याशेजारच्या एका ओळीला मी ‘ग्रोमोर’ दिले होते. हे नाव कोणा एका कंपनीचे नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, घरोघरी भाजी पिकवण्याच्या मोहिमेसाठी ब्रिटिश सरकारने ठरवून दिलेले हे मिश्रण आहे आणि त्यात नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी 7 टक्के असते. चौरस मीटरला 70 ग्रॅम दिल्यावर त्या ओळीची पात दहा-बारा दिवसांत गडद झाली. गोळ्यांच्या ओळींना तेवढ्याच हिरवेपणासाठी जवळजवळ महिना लागला, पण ऑगस्टमध्ये ग्रोमोरची ओळ फिकी होऊ लागली तेव्हा गोळ्यांच्या ओळी तशाच टिकून होत्या. शिवाय गोळ्यांत सेंद्रिय पदार्थ असतो आणि माझ्या चिकण मातीला त्याची गरज होती, ही बाब मी गोळ्यांच्या बाजूने मोजते. एका हंगामात मातीत मोठा पालट झाला, असा दावा मात्र मी करणार नाही.

वरखत जुलैच्या अखेरीस, लागवडीला पाच आठवडे झाल्यावर, चौरस मीटरला 50 ग्रॅम या मात्रेने ओळींच्या मधोमध टाकून खुरप्याने मातीआड केले. एका ओळीला उत्साहाच्या भरात मी दुप्पट दिले. ती ओळ सुरुवातीला सर्वांत देखणी दिसत होती. सप्टेंबरमध्ये तिच्या पातीवर तांबेरा हा बुरशीचा रोग आला. नारिंगी पुळ्या बोटाला रंग लावतील इतक्या दाट होत्या. तांबेरा शेजारच्या ओळींवरही थोडाफार होता, परंतु जास्त नत्र आणि कमी पालाश मिळालेल्या लीकवर तो अधिक बळावतो हे येथील जुन्या माळ्यांना पक्के ठाऊक असते, आणि 4 नत्राला 1 पालाश देणाऱ्या बादलीने नेमकी तीच परिस्थिती निर्माण केली. याच कारणाने ऑगस्टच्या मध्यानंतर ही गोळी लीकला देऊ नये. तेव्हा फुटलेली मऊ, पाणीदार पात पुढे कडाक्याच्या थंडीत तग धरत नाही. ‘संपूर्ण हंगामभर’ या शब्दांवर माझा दुसरा आक्षेप हा आहे.

वापरण्यातल्या गैरसोयी थोडक्यात सांगते. पावसानंतर दोन-तीन दिवस पोल्ट्रीचा वास येतो आणि बाजूच्या तुकड्यावरच्या काकू नाक मुरडतात. ओल्या गोळ्यांवर पांढरी बुरशी धरते. ती निरुपद्रवी असते. वर उघड्या राहिलेल्या गोळ्या कुत्री खातात, म्हणून त्या मातीआड करणे आवश्यक आहे. बादलीच्या तळाशी बारीक भुकटी साचते. ती वाऱ्यावर उधळू नये आणि हातमोज्यांशिवाय हाताळू नये. झाकण घट्ट बसत होते, ही गोष्ट मात्र मनापासून आवडली. शाकाहारी घरांतून एक प्रश्न हमखास येतो, म्हणून नोंदवते : दुकानात याच फळीवर मासळी, रक्त आणि हाडे यांच्या चुऱ्याचे खतही असते आणि येथील लोक ते लीकला आवर्जून देतात. ते नको असलेल्यांना कोंबडखत त्यातल्या त्यात चालण्यासारखे वाटते. आमच्या घरी तरी त्यावर तह झाला.

इंग्लंडच्या ईशान्येस, नॉर्थंबरलंड आणि डरॅम भागांतल्या जुन्या खाणकामगारांच्या गावांत, लीकच्या आकाराच्या स्पर्धा भरतात आणि तेथील स्पर्धक आपल्या खताची कृती जिवापाड जपतात. त्या पातळीच्या लीकसाठी ही बादली नाही. घरी पीठ पेरून भाजी करण्याजोगे, मनगटाहून थोडे बारीक लीक मला नोव्हेंबरपासून मिळू लागले आणि कांद्याच्या पातीची उणीव त्याने बऱ्यापैकी भरून निघाली. बेसन थोडे जास्त लागते, कारण लीकला पाणी अधिक सुटते.

पाचपैकी साडेतीन गुण मी या गोळ्यांना देईन. वाफ्यातल्या पायाभूत खतासाठी आणि जुलैतल्या एका वरखतासाठी त्या घ्याव्यात, सोबत पालाशसाठी वेगळी सोय करावी आणि ट्रेमधल्या रोपांसाठी द्रवखताची एक लहान बाटली घ्यावी. इतक्या लहान वाफ्याला वर्षभरात जेमतेम 600 ग्रॅम लागले, त्यामुळे एकट्या लीकसाठी 8 किलोची बादली घेण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यावी. माझी निम्म्याहून अधिक अजून शेडमध्ये आहे. ऑक्टोबरमध्ये लावलेल्या लसणाला ती फेब्रुवारीच्या अखेरीस, माती जरा उबदार होऊ लागली की, मूठ-मूठ देणार आहे.