शेड्यूलिंगसाठी पैसे मोजावेत, ॲनालिटिक्ससाठी थांबावे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका खोलीतून आम्ही दोघे-तिघे मिळून एका प्रकाशन संस्थेची, कोथरूडमधल्या एका कथक वर्गाची आणि तांबट आळीतल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या एका दुकानाची समाजमाध्यमांवरची खाती सांभाळतो. गेल्या वर्षी दिवाळी अंकांच्या जाहिराती, वर्गाचे वार्षिक कार्यक्रम आणि धनत्रयोदशीची गर्दी एकाच वेळी आली, तेव्हा पोस्ट आधी लावून ठेवणारे आणि नंतर आकडे दाखवणारे एखादे साधन घेणे भागच पडले. तेव्हापासून आषाढीपर्यंत मेटा बिझनेस स्वीट, बफर आणि झोहो सोशल ही साधने आम्ही रोजच्या कामात वापरली, आणखी दोन-तीन साधने चाचणीच्या मुदतीत पाहिली. एवढ्या वापरानंतर माझे मत स्पष्ट आहे: छोट्या व्यवसायाने शेड्यूलिंगच्या, म्हणजे पोस्ट आधी लावून ठेवण्याच्या, सोयीसाठी जरूर पैसे मोजावेत, पण केवळ ॲनालिटिक्सच्या, म्हणजे आकडे-आलेखांच्या, आकर्षणापायी महागडी योजना घेऊ नये.

याचे कारण आकडे कुठून येतात यात आहे. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरच्या तुमच्या खात्याचे आकडे कोणतेही बाहेरचे साधन स्वतः मोजत नाही; त्यांची मालक कंपनी मेटा आपल्या एपीआयमधून (बाहेरच्या साधनांना माहिती देणाऱ्या जोडणीतून) जे देते, तेच सर्वांना मिळते आणि तेच वेगवेगळ्या रंगांच्या आलेखांत मांडले जाते. मेटाने व्याख्या बदलली की सगळ्यांचेच आलेख एकदम बदलतात. २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने ‘व्ह्यूज’ हा मुख्य आकडा केला आणि २०२५ मध्ये ‘इम्प्रेशन्स’ (पोस्ट किती वेळा पडद्यावर आली तो आकडा) एपीआयमधून मागे घेतले गेले, त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. यूट्यूबनेही ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजण्याची पद्धत बदलली. आता शॉर्ट चालू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरला जातो. कथक वर्गाच्या शॉर्ट्सचे जुने आणि नवे आकडे शेजारी ठेवले, तर प्रेक्षक एकाएकी वाढल्यासारखे वाटतील. ग्राहकाला मासिक अहवाल देताना ही गोष्ट आम्ही आवर्जून लिहितो. कोणत्याही साधनाच्या डॅशबोर्डवर (आकडे दाखवणाऱ्या पानावर) ती आपोआप ठळकपणे दिसेल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

असे असले तरी एका बाबतीत बाहेरचे साधन खरोखर उपयोगी पडते, आणि ती बाब म्हणजे साठवण. इन्स्टाग्राम स्टोरीचे आकडे एपीआयमधून फक्त २४ तासांपर्यंत मिळतात. त्या काळात साधन जोडलेले असेल, तर ते आकडे त्याच्याकडे जपून राहतात, नसेल तर नंतर कोणतेही बाहेरचे साधन ते मागून आणू शकत नाही. फॉलोअर्सचा मागचा इतिहासही असाच अपुरा मिळतो, त्यामुळे बहुतेक साधनांचा आलेख खाते जोडल्याच्या सुमारास सुरू होतो. म्हणूनच अजून निर्णय झाला नसेल, तरी एखादी मोफत योजना आजच घेऊन खाती जोडून ठेवावीत, असा माझा सल्ला आहे. त्यासाठी इन्स्टाग्राम खाते प्रोफेशनल (व्यावसायिक) प्रकारचे असावे लागते. वैयक्तिक खात्यावरून आपोआप पोस्टही जात नाही आणि आकडेही मिळत नाहीत.

किमतींची तुलना करताना रकमेआधी आकारणीचा आधार पाहावा. बफर खात्यामागे पैसे घेते, स्प्राउट सोशल वापरकर्त्यामागे घेते आणि झोहो सोशलचा हिशेब ब्रँडभोवती, म्हणजे एका व्यवसायाच्या सगळ्या खात्यांच्या संचाभोवती, फिरतो. एकाच दुकानाची पाच खाती असतील, तर खात्यामागची आकारणी जड जाते. तीन ग्राहकांची प्रत्येकी दोन खाती असतील, तर ब्रँडमागची आकारणी जड जाऊ शकते. आणि कथक वर्गाच्या बाईंनाही पोस्ट आधी पाहून मान्यता द्यायची असेल, तर वापरकर्त्यामागची आकारणी लगेच अंगावर येते. बफरच्या मोफत योजनेत तीन खाती आणि प्रत्येक खात्यासाठी एका वेळी दहा पोस्ट रांगेत लावता येतात, जे एका दुकानाला पुरेसे आहे. हूटस्वीटने आपली मोफत योजना २०२३ मध्ये बंद केली, त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये तिचे नाव दिसले तरी त्यावर विसंबू नये. फक्त फेसबुक आणि इन्स्टाग्राम वापरणाऱ्यांनी आधी मेटा बिझनेस स्वीटच वापरून पाहावे. ते मोफत आहे आणि पोस्ट, स्टोरी व रील तिन्ही त्यातून लावता येतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी चाचणीच्या मुदतीतच एक गोष्ट तपासून घ्यावी, ती म्हणजे देवनागरी. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) पैसे न भरणाऱ्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा आहे, पण तिथे काना, मात्रा, उकार आणि जोडाक्षरातले हलन्त चिन्ह हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘पुस्तक’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, तिथे तो सहा चिन्हांचा धरला जातो. दिवाळी अंकातल्या लेखकांची नावे आणि किंमत एका पोस्टमध्ये बसवताना हे फार जाणवते, आणि साधनाचा मोजक एक्सच्या मोजणीशी जुळत नसेल, तर वेळ झाल्यावर पोस्ट जातच नाही. दुसरी अडचण अहवालांची. आम्ही चाचणीत पाहिलेल्या एका साधनाच्या पीडीएफ अहवालात मराठी कॅप्शनमधली पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जात होती आणि जोडाक्षरे सुटी पडत होती. ‘प्रकाशित’ हा शब्द वाचताच येईना. असा अहवाल प्रकाशकाच्या हातात देणे अशक्य होते, म्हणून बाकी सगळे चांगले असूनही ते साधन आम्ही सोडून दिले.

रील्सच्या बाबतीतही एक मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. इन्स्टाग्रामच्या संग्रहातले संगीत बाहेरच्या साधनातून आपोआप जाणाऱ्या रीलला जोडता येत नाही. कथक वर्गाचे लेहरे (नृत्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून) आणि तबला त्यांच्याच ध्वनिमुद्रणातले असल्यामुळे तिथे काही अडले नाही, पण भांड्यांच्या दुकानाच्या रीलला एखादे चालू गाणे हवे असेल, तर साधनाने फोनवर आठवण द्यायची आणि पोस्ट माणसाने स्वतः टाकायची, हाच मार्ग उरतो.

शेड्यूलिंगसाठी पैसे द्यावेत असे मी म्हणतो, ते वेळेच्या बचतीपेक्षा अडचणीच्या वेळच्या वागण्यासाठी. खात्याचा पासवर्ड बदलला की साधनाची जोडणी तुटते आणि रांगेतल्या पोस्ट अडकतात. आमच्या एका ग्राहकाकडे घरातल्याच कोणीतरी पासवर्ड बदलला, त्यानंतर वापरात असलेल्या साधनाने फोनवर लगेच सूचना दिली म्हणून संध्याकाळच्या कार्यक्रमाची पोस्ट वेळेत सावरता आली. ईमेलवर मुकाट पडून राहणारी सूचना अशा वेळी कामाची नसते. चाचणीत हे मुद्दाम करून पाहावे: एक जोडणी तोडावी, पोस्ट लावावी आणि किती वेळात, कशा प्रकारे कळते ते बघावे.

तितकीच महत्त्वाची सोय म्हणजे सगळी रांग एकदम थांबवणे. पावसाळ्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत पाण्याचा विसर्ग वाढतो आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झाले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. अशा सकाळी ‘आज खास सवलत’ अशी पोस्ट ठरलेल्या वेळी निघून जाणे ग्राहकाच्या नावाला बाधक असते आणि लोकांच्या दुःखाशीही विसंगत असते. बफरमध्ये खात्याची रांग थांबवता येते, हूटस्वीटमध्ये संस्थेचे सगळे प्रकाशन स्थगित करता येते. एकेक पोस्ट उघडून तारीख बदलावी लागत असेल, तर त्या गडबडीत एखादी सुटणारच. मला विचाराल तर हे एक बटण आलेखांच्या दहा पानांपेक्षा मोलाचे आहे.

आकड्यांचा खरा प्रश्न पोस्टमुळे विक्री झाली का हा आहे, आणि पुण्यातल्या अशा दुकानांत त्याचे उत्तर बहुधा डॅशबोर्डच्या बाहेर असते. इन्स्टाग्रामवर भांडे पाहिलेले गिऱ्हाईक चित्र व्हॉट्सॲपवर घरच्यांना पाठवते, मग दुकानात फोन येतो किंवा माणूस थेट येऊन उभा राहतो. व्हॉट्सॲपवरून आलेली भेट संकेतस्थळाच्या आकडेवारीत अनेकदा ‘डायरेक्ट’ (कोणत्याही दुव्याशिवाय थेट आलेली) म्हणूनच दिसते. प्रकाशनाच्या दुव्यांना आम्ही यूटीएम खुणा (दुव्याच्या शेवटी जोडलेली, तो कुठून आला हे सांगणारी अक्षरे) लावतो, त्यामुळे गूगल ॲनालिटिक्समध्ये कोणत्या पोस्टवरून वाचक आला हे बऱ्यापैकी कळते. भांड्यांच्या दुकानात मात्र गल्ल्याजवळच्या वहीत ‘कुठे पाहिलेत?’ याचे उत्तर लिहून घेण्याची पद्धत सुरू केली. त्या वहीतून असे दिसले की ज्या रीलमध्ये कारागीर हातोडीने ठोके घालतो ती खूप पाहिली जाते, पण विचारणा येते ती कल्हई आणि वजनाची माहिती देणाऱ्या साध्या छायाचित्रांवरून. हे कोणत्याही साधनाने सांगितले नसते.

सध्या दुकानासाठी मेटा बिझनेस स्वीट, आणि प्रकाशन संस्था व कथक वर्गासाठी बफरची पैसे देऊन घेतलेली योजना अशी आमची व्यवस्था आहे. रुपयांत बिल हवे असणाऱ्यांना झोहो सोशल सोपे पडेल, कारण डॉलरमधल्या वर्गणीवर बँक परकीय चलनाचा आकारही लावते. कार्डावरून आपोआप जाणाऱ्या १५,००० रुपयांवरच्या प्रत्येक वर्गणीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ओटीपी लागतो, त्यामुळे वार्षिक योजना घेतल्यास नूतनीकरणाच्या दिवशी फोन ज्याच्याकडे आहे त्याला आधीच सांगून ठेवावे. आणि साधन बदलायचे ठरले, तर वर्गणी रद्द करण्यापूर्वी स्टोरी व फॉलोअर्सचे साठवलेले सगळे आकडे एक्सेलमध्ये उतरवून घ्यावेत. साधनातले खाते बंद झाल्यावर ते परत मिळतीलच असे नाही.