बेथोवनचे पंधरावे चतुष्क : चार ध्वनिमुद्रणे आणि एक तीव्र मध्यम

बेथोवनच्या चतुष्कांचे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांचे, कोणते ध्वनिमुद्रण घ्यावे हे ठरवताना मी सोळाच्या सोळा रचना ऐकत बसत नाही. पंधराव्या चतुष्काचा, म्हणजे ओपस (रचना-क्रमांक) १३२ चा, तिसरा भाग लावतो आणि त्यावरून निवाडा करतो. १८२५ मध्ये पोटाच्या गंभीर दुखण्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि मथळाही स्वतःच दिला : बरे झालेल्या माणसाचे ईश्वराला पवित्र आभारगीत, लिडियन स्वरसप्तकात. लिडियन म्हणजे आपला कल्याण थाट. पांढरी चार (पेटीची चौथी पांढरी पट्टी) हा षड्ज धरला तर मध्यम तेवढा तीव्र आणि बाकीचे स्वर शुद्ध. या भागातल्या संथ कडव्यांत शुद्ध मध्यमाला बेथोवनने फिरकूच दिलेले नाही.

सांगली-मिरजेच्या कानाला कल्याण थाटातला यमन काही नवा नाही. तरीही पहिल्या खेपेला मला तो इथे मुळीच सापडला नव्हता, कारण तानपुरा नसला की कान पांढरी एकलाच षड्ज मानून बसतो आणि तो तीव्र मध्यम निमूटपणे शुद्ध निषाद होऊन जातो. शेवटी एका रात्री मोबाइलवरचा तानपुरा पांढरी चारमध्ये अगदी हळू लावून ठेवला, तेव्हा कुठे ते वादक चौघे कोणत्या घरात बसले आहेत ते कळले. अर्थात ही युक्ती पहिल्या कडव्यापुरतीच चालते. ‘नवी शक्ती जाणवते आहे’ अशी सूचना असलेला पुढचा टवटवीत खंड पांढरी दोनवर जातो आणि तानपुऱ्याचा षड्ज तिथला कोमल गंधार होऊन वाद्यांच्या शुद्ध गंधाराशी भांडू लागतो. त्यामुळे वेळीच तो बंद करावा लागतो.

बुश चतुष्काचे (वाजवणाऱ्या चौघांच्या चमूलाही चतुष्कच म्हणतात) ध्वनिमुद्रण १९३७ चे, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेब गेले त्याच वर्षाचे आहे. खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकून वाढलेल्यांना त्यातल्या खरखरीची भीती वाटणार नाही. दोन-तीन मिनिटांत कान ती बाजूला सारतो. अडोल्फ बुश एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जी बारीक मींड घेतो, ती पुढच्या पिढ्यांच्या वादकांनी जुनाट म्हणून टाकून दिली. आपल्याला मात्र ती परकी वाटत नाही. संथ कडव्याची पाच चरणांची धून तो गायल्यासारखी वाजवतो, चरणाच्या शेवटी श्वास घेतल्यासारखा थांबतो. उणीव एकच : खर्जातला चेलो ऐकण्यापेक्षा कल्पनेनेच जास्त भरून घ्यावा लागतो.

तो चेलो हवा असेल तर क्वार्तेत्तो इतालियानो हे चतुष्क ऐकावे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स कंपनीसाठी केलेल्या या ध्वनिमुद्रणात लय इतकी संथ आहे, की पहिल्यांदा ऐकणारा घड्याळाकडे पाहील. पण स्वरमेळ इतके चोख लागतात, की मिरजेत कारागिराने तानपुऱ्याची जवारी काढून (घोडी घासून नाद खुलवून) झाल्यावर चारही तारा छेडाव्यात आणि खोली भरून जावी, तसे दर चरणाअखेर होते. मला सर्वांत जास्त वेळा ऐकावेसे वाटते ते हेच. नव्या शक्तीच्या खंडात मात्र ही मंडळी जरा जास्तच सभ्य वाटतात. दुखण्यातून उठलेल्या माणसाच्या पायांत आलेली हुरूपाची उडी तिथे नाही.

ती टाकाच चतुष्काकडे आहे. बुडापेस्टमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या या चतुष्काने डेक्का कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात संथ कडवे जवळजवळ कंपाविना, सपाट स्वरात येते, आणि हेडफोनवर गजाचे तारेवरचे घासणेसुद्धा ऐकू येते. ज्यांना व्हायोलिनचा सततचा कंप सोसत नाही, आणि आपल्याकडे असे बरेच आहेत, त्यांनी सुरुवात इथून करावी. व्हिएन्नाच्या अल्बान बर्ग चतुष्काची सफाई निर्विवाद आहे, पण याच भागात ती सफाई मला आड येते. आभार मानणारा माणूस इतका इस्त्रीचा नसावा.

तबकड्यांचा संच घ्यावा की ॲपवर ऐकावे, याचे उत्तर पुढच्या भागांत मिळते. चौथ्या भागातले छोटे कूच संपल्यावर पहिले व्हायोलिन एकटेच बोलल्यासारखे वाजते आणि न थांबता शेवटच्या भागात शिरते. मी वापरत असलेले ॲप नेमके तिथेच क्षणभर गप्प होते, आणि फुकटच्या योजनेत असताना तर एकदा त्या फटीत साबणाची जाहिरात वाजली. तेव्हापासून हे चतुष्क मी तबकडीवरच ऐकतो. सोळांचा पूर्ण संच एकदम घेण्याची घाई नको. इतालियानोची फक्त शेवटची चतुष्के आधी घ्यावीत, आणि त्यांच्या जोडीला बुशचे ओपस १३२.